आधी ‘प्रोटीन कमी करा’, आता ‘अंडी द्या’ : डायलिसिसवरच्या अण्णांचं जेवण

प्रश्न : अण्णा ६६ वर्षांचे आहेत, वीस वर्षांपासून शुगर आहे. दीड वर्षापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनी थकल्याचं कळलं, तेव्हा डॉक्टरांनी ‘प्रोटीन कमी करा’ सांगितलं. तेव्हापासून आईने अंडी-चिकन बंद केलं, आमटीही पातळ केली. गेल्या आठवड्यात अंगावर सूज आली, आडवं झालं की दम लागायला लागला म्हणून अ‍ॅडमिट केलं. आता सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस सांगितलं आहे. हॉस्पिटलच्या डाएटिशियन मॅडम म्हणतात, रोज तीन अंड्यांचा पांढरा भाग आणि चिकन किंवा पनीर द्या. आम्ही कुणाचं ऐकायचं? ताटावर ‘डीडी–रीनल–एसआर’ अशी चिठ्ठी असते. जेवण इतकं अळणी की अण्णा दोन घास खाऊन ताट सारतात. पाहुणे शहाळी आणतात, ती सिस्टर परत पाठवतात. अण्णांचं वजन ६० किलो आहे, लघवी दिवसाला चारशे मिलीच्या आसपास. परवा डिस्चार्ज आहे. आई एकच विचारते, सगळंच बंद तर त्यांना घालू काय?
— एक लेक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तेव्हाचे डॉक्टर तेव्हा बरोबर होते आणि आताच्या मॅडम आता बरोबर आहेत. मधल्या काळात अण्णांची अवस्था बदलली, म्हणून पथ्य उलटं झालं. घरात जुना तक्ता फ्रिजवर लावलेला असेल तर तो आजच काढून टाका, कारण डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांत बहुतेक घरं नकळत त्याच तक्त्यावर परत जातात.

प्रोटीन पचल्यावर युरियासारखा कचरा तयार होतो आणि तो लघवीतून बाहेर टाकणं हे किडनीचं काम. किडनी अर्धवट चालते आणि डायलिसिस नाही, अशा काळात कचराच कमी तयार व्हावा म्हणून प्रोटीन उतरवतात. किडनीच्या आहाराबद्दल २०२० साली आलेल्या, अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनच्या केडीओक्यूआय मार्गदर्शक तत्त्वांत मधुमेह असलेल्या अशा रुग्णाला किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रोटीन सांगितलं आहे. ६० किलोच्या माणसाला हे ३६ ते ४८ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की कचरा काढायचं काम मशीन करतं, पण मशीनला कचरा आणि कामाचा माल यांतला फरक कळत नाही. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लंही, म्हणजे प्रोटीनचेच तुकडे, वाहून जातात. म्हणून डायलिसिसवर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे अण्णांना रोज ६० ते ७२ ग्रॅम लागतं. जवळपास दीडपट.

ते मिळालं नाही तर शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं. आणि हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, कारण वजनकाटा तेवढाच आकडा दाखवतो. स्नायू गेले त्या जागी पाणी भरलेलं असतं. मांड्या आणि दंड बारीक होताना दिसले, खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागू लागला, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन उतरत गेलं, तर वजन ‘टिकून आहे’ यावर समाधान मानू नका. तुम्ही लिहिलेलं ६० किलो वजन सूज असतानाचं की उतरल्यावरचं, हेही विचारून घ्या. डायलिसिसवाले ज्याला ‘ड्राय वेट’ म्हणतात, म्हणजे जास्तीचं पाणी काढल्यावरचं वजन, त्यावर सगळा हिशोब होतो. ते ५६ निघालं तर प्रोटीन आणि कॅलरीचे आकडे त्या प्रमाणात कमी धरा.

आता ताटावरची चिठ्ठी. डीडी म्हणजे डायबेटिक डाएट : साखर-गूळ नाही, पिष्ट पदार्थ दिवसभरात वाटून. एसआर म्हणजे सॉल्ट रिस्ट्रिक्टेड : मीठ मोजून. रीनल म्हणजे किडनीचं : किडनी थकली की अंगात साठणारे पोटॅशियम, फॉस्फरस आणि पाणी यांवर लक्ष. पण ‘रीनल’ या एका शब्दात डायलिसिसआधीचं कमी प्रोटीनचं ताट आणि डायलिसिसवरचं जास्त प्रोटीनचं ताट अशी दोन्ही येतात, आणि घोटाळा तिथेच होतो. सकाळी राउंडला डॉक्टर आहार ठरवतात, सिस्टर डाएट शीटवर लिहितात, त्यावरून किचनला इंडेंट, म्हणजे मागणीची यादी, जातं. दुपारी काही बदललं तर संध्याकाळचं ताट बऱ्याचदा जुन्याच ऑर्डरचं येतं. अण्णांच्या ताटात अंडं किंवा पनीर दिसत नसेल तर वाढणाऱ्या मावशींशी वाद घालून उपयोग नाही. वॉर्डच्या सिस्टरना विचारा, ‘शीटवर हाय प्रोटीन रीनल लिहिलंय ना?’

ताट परत जातं हेही सिस्टरना सांगायला हवं. किचनच्या लेखी ताट गेलं म्हणजे पेशंट जेवला. अर्ध्याहून जास्त ताट दोन-तीन दिवस परत जात असेल तर डाएटिशियनना बोलावून घ्या. त्या पदार्थ बदलू शकतात, थोडं-थोडं पाच-सहा वेळा देऊ शकतात, किंवा घरच्या डब्याला परवानगी देऊ शकतात. चोरून डबा देऊ नका. अण्णांनी लपून दोन केळी खाल्ली आणि सकाळी पोटॅशियम वाढलेलं निघालं, तर डॉक्टर त्याचं कारण डायलिसिसमध्ये आणि औषधांत शोधतात, आणि उपचार चुकीच्या जागी बदलतो.

साठ ग्रॅम प्रोटीन आणायचं कुठून? तीन अंड्यांच्या पांढऱ्या भागातून ११ ग्रॅम. बिनहाडाचं १०० ग्रॅम चिकन, कच्चं वजन, २० ग्रॅम. ३० ग्रॅम कोरडी डाळ, साधारण दोन मोठे चमचे, ७ ग्रॅम. प्रत्येकी २५-३० ग्रॅम पिठाचे सहा फुलके, १५ ते १८. चहा आणि दही धरून दिवसभरात १५० मिली दूध, ५. छोटी वाटी भात, अडीच-तीन. बेरीज ६०-६४ च्या आसपास येते. चिकन नाही त्या दिवशी ५० ग्रॅम पनीर, ९-१० ग्रॅम, आणि अंड्याचे आणखी दोन पांढरे. थोडं कमी पडतं, ते एक जास्तीचा पांढरा भरून काढतो. पातळ आमटी वाटी-वाटी पिऊन प्रोटीन मिळत नाही. मिळतं ते पाणी, आणि तेच मोजायचं आहे.

पांढराच भाग का? पिवळ्यात फॉस्फरस बराच असतो, पांढऱ्यात जवळजवळ नसतो. डायलिसिसवर इतकं स्वच्छ आणि स्वस्त प्रोटीन दुसरं नाही. अंडी उकडून पिवळं बाजूला काढा, किंवा फक्त पांढऱ्याची भुर्जी कांदा, हिरवी मिरची, कढीपत्ता घालून करा. दोन दिवसांत कंटाळा येतो तो उकडलेल्या पांढऱ्याचा, भुर्जीचा नाही.

प्रोटीनसोबत उष्मांकही पुरेसे हवेत, किलोमागे साधारण ३०, म्हणजे अण्णांना रोज १८०० कॅलरी. पोट अर्धं राहिलं तर शरीर खाल्लेलं प्रोटीन इंधन म्हणून जाळून टाकतं आणि अंडी फुकट जातात. ‘किडनी खराब, म्हणून हलकं खा’ असं म्हणत तूप-तेल पूर्ण तोडू नका. डायलिसिसवरच्या, भूक मेलेल्या माणसाच्या फुलक्याला चमचाभर तेल-तूप लावणं हे त्याच्या भल्याचंच आहे. त्यांना हृदयाचाही त्रास असेल तर तेल कोणतं आणि किती, ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

मेडिकलमधून पावडरचा डबा आणायला सांगितलाच तर डब्यावरची अक्षरं नीट वाचा. किडनीसाठीच्या पावडरी दोन जातीच्या येतात. काही डब्यांवर एलपी असतं, ती डायलिसिसआधीची, कमी प्रोटीनची. एचपी असतं ती डायलिसिसवरची. डबे दिसायला सारखे, रंगात थोडा फरक. जिममधली पावडर किंवा लहान मुलांचं हेल्थ ड्रिंक यांतलं काहीच नको. त्यांत पोटॅशियम, फॉस्फरस, साखर, सगळंच घातलेलं असू शकतं.

आता शहाळं. सिस्टरनी परत पाठवलं ते अगदी योग्य केलं. आपल्याकडे पेशंटला भेटायला जायचं तर हातात शहाळं हवंच, आणि जुलाब झालेल्याला ते उत्तमही आहे. पण एका शहाळ्यात पाचशे ते सातशे मिलिग्रॅम पोटॅशियम असू शकतं. अण्णांची दिवसभराची मर्यादा साधारण २००० ते २५०० मिलिग्रॅम असेल. त्यांचा नेमका आकडा रिपोर्ट बघून डाएटिशियन सांगतील. एका शहाळ्यात त्यातला पाव हिस्सा संपतो, वर अडीचशे-तीनशे मिली पाणीही पोटात जातं. रक्तातलं पोटॅशियम वाढलं तर आधी काही जाणवेलच असं नाही. कधी हातापायांत त्राण उरत नाही, नाडी मंदावते. कधी थेट हृदयाचे ठोके बिघडतात. त्यामुळे शहाळं, केळं, मोसंबी-संत्र्याचा रस, खजूर, मनुका, जर्दाळू हे नकोच. गूळही नको, त्यात साखर आहेच आणि पोटॅशियमही भरपूर आहे. करमळ, ज्याला बाजारात स्टार फ्रूट म्हणतात, ते तर चिमूटभरही नको. त्यातला एक घटक निरोगी किडनी बाहेर टाकते, पण अण्णांच्या किडनीला ते जमत नाही. मग थांबत नाही अशी उचकी, गोंधळलेपणा, झटके इथपर्यंत जाऊ शकतं. पाहुण्यांना काही आणायचंच असेल तर सफरचंद किंवा पेअर सांगा. सालं काढून एका वेळी एक छोटं फळ. पपई किंवा अननसाच्या दोन-तीन फोडीही अधूनमधून चालतात, शुगर बघून.

भाज्यांत दुधी, पडवळ, दोडका, कोबी, काकडी, तोंडली, ढेमसं ही तुमची नेहमीची. बटाटा, रताळं, सुरण, पालक, शेवग्याचा पाला, टोमॅटो यांत पोटॅशियम जास्त. ते कधीतरी करायचेच असतील तर आधी पोटॅशियम काढून टाकायचं. पद्धत अशी : साल काढून पातळ काप करा, वाहत्या पाण्याखाली धुवा, भाजीच्या दहापट कोमट पाण्यात दोन तास भिजवा, ते पाणी फेका, परत धुवा, मग पाचपट ताज्या पाण्यात उकळा आणि तेही पाणी ओतून द्या. मग फोडणी. बटाट्याचं असं दोनदा उकळलं तर आणखी बरं. कुकरमध्ये थोड्या पाण्यावर वाफवलं तर हा सगळा खटाटोप वाया, कारण पोटॅशियम जातं ते फेकलेल्या पाण्यातून, वाफेतून नाही. आणि एवढं करूनही ते सगळं निघत नाही, म्हणून एक वाटीच्या पुढे नको.

इथे आईच्या हाताची सवय आड येते. भाजी उकडलेलं पाणी टाकायचं म्हणजे जिवावर येतं. ते कणकेत जातं, नाहीतर आमटीत. डाळीचा कट काढून त्याची आमटी होते. अण्णांसाठी नेमकं तेच पाणी सगळ्यांत वाईट, कारण निघालेलं पोटॅशियम त्याच्यातच आहे. डाळ दोन-तीन तास भिजवून पाणी काढा, भरपूर पाण्यात मोकळी शिजवा, वरचा कट घरच्यांच्या आमटीला काढा आणि अण्णांना खालचं घट्ट वरण द्या. दोघांचंही भागेल.

भाकरी द्यावी की चपाती, यावर घराघरात बरीच चर्चा होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांचे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांत ज्वारी आणि गव्हाचं पोटॅशियम फार लांब नाही. अण्णांना जी रुचते ती द्या. नाचणीत मात्र दोघांपेक्षा जास्त आहे. ‘पौष्टिक’ म्हणून नाचणीचं सत्त्व किंवा आंबील रोज सुरू करू नका. आंबील म्हणजे वर पाणीही आलंच. शेंगदाण्याच्या कुटात पोटॅशियम-फॉस्फरस दोन्ही भरपूर आहेत आणि तुमच्याकडे तो प्रत्येक भाजीत पडतो. दिवसाला दोन छोटे चमचे ही हद्द ठेवा.

पोट साफ होतं का, हेही विचारा. किडनी थकली की थोडं पोटॅशियम शौचावाटे बाहेर पडतं, आणि बद्धकोष्ठात तेही थांबतं. पाणी कमी, भाजी कमी, वर काही गोळ्या अशा की पोट धरतंच. घरगुती काढा किंवा इसबगोल आपल्या मनाने देऊ नका, त्याला पाणी जास्त लागतं. डायलिसिसच्या डॉक्टरांकडून औषध घ्या.

अळणी जेवणाचं काय करायचं? दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पावात, दुधात, इतर पदार्थांत असलेलं मीठही आलं. म्हणून हाताने घालायचं ते अर्धा छोटा चमचा, फार तर किंचित जास्त. मीठ पाणी कसं धरून ठेवतं हे सलाइनच्या बाटलीवरून समजतं : एका लिटर साध्या सलाइनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. अंगात साठलेलं तेवढंच मीठ जवळजवळ लिटरभर पाणी धरून बसतं, आणि तहान लावतं ते वेगळंच. तहान मारायची खरी जागा मिठाचा डबा आहे.

युक्ती एवढीच : अण्णांचा स्वयंपाक पूर्ण अळणी करा आणि त्यांचं दिवसाचं अर्धा चमचा मीठ सकाळी एका डबीत काढून ठेवा. जेवताना ते भाजी-वरणावर वरून घाला. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडक्यातही चव येते. डबी संपली की संपली. फोडणीत लसूण, जिरं, मिरी, हिरवी मिरची, कढीपत्ता वापरा, वरून लिंबू पिळा. आमसूल घालत असाल तर बघून घ्या, काही आमसुलांना वाळवताना मीठ लावलेलं असतं.

कांदा-लसूण मसाल्याकडे मात्र बारीक बघा. तुमच्या भागात तो वर्षाचा करतात आणि त्यात खडे मीठ कुटलेलं असतं. भाजीत मीठ घातलं नाही तरी मसाल्याबरोबर ते आत येतं. अण्णांसाठी पाव-अर्धा किलो मसाला बिनमिठाचा वेगळा कुटून घ्या; मिठाविना तो टिकत नाही, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा. लोणचं, पापड, कुरडई, सांडगे, सुकट, शेव-फरसाण, खारे शेंगदाणे हे बंद. सोडा घातलेला ढोकळा, बेकरीचे पदार्थ यांतही मिठातलं सोडियम असतं, चव खारट लागो न लागो.

आणि एक सावधगिरी. दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं, पिशवीवर हृदयाचं चित्र असतं, म्हणून लोक मोठ्या काळजीने ते घेतात. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. रक्तदाब असलेल्या, पण किडनी धड असलेल्या माणसाला ते उपयोगी पडेल. अण्णांना ते धोक्याचं आहे. सैंधवाचं म्हणाल तर ते रसायनाने साधं मीठच. उपासाला चालतं म्हणून किडनीला चालत नाही.

पाण्याचा हिशोब सोपा आहे : आदल्या दिवशीची लघवी अधिक ५०० मिली. अण्णांची लघवी ४०० असेल तर २४ तासांत ९००. यात चहा, ताक, आमटी, पेज, दही, बर्फ आणि गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं येतं. तुमच्या घरचा स्टीलचा पेला किती मिलीचा आहे ते एकदा मापून घ्या. ‘दोन पेलेच प्यायले’ यात दोनशेचा पेला आणि साडेतीनशेचा पेला यांत भरपूर फरक पडतो. सोयीचं असं : सकाळी एका बाटलीत ९०० मिली पाणी भरा. चहा प्यायले तर तेवढं पाणी बाटलीतून कमी करा, आमटी घेतली तर तेवढंही. बाटलीत जे उरेल ते अण्णांचं. गोळ्या शक्यतो जेवणाबरोबरच्या पाण्यातच घ्यायच्या. फार तहान लागली तर चूळ भरून टाकायची, लिंबाची फोड चोखायची. शुगर २५०-३०० राहत असेल तर तहान आवरणारच नाही. मग पाण्यावरून अण्णांना बोलून उपयोग नाही, आधी शुगर आणा खाली.

घरी एक वजनकाटा ठेवा. रोज सकाळी लघवीनंतर, त्याच कपड्यांत, त्याच काट्यावर. एक किलो वाढलं म्हणजे लिटरभर पाणी साठलं. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढ दोन ते अडीच किलोच्या आत राहिली पाहिजे. त्याहून जास्त पाणी चार तासांत ओढायला गेलं की टेबलावरच बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि मग लोक ‘डायलिसिस सोसत नाही’ म्हणून लवकर बंद करून घरी येतात, जे त्याहून वाईट. शुक्रवार ते सोमवार हे सगळ्यांत मोठं अंतर. रविवारी नातेवाईक, पाहुणचार आणि चहाचे कप येतात, म्हणून रविवारीच माप जास्त कडक.

शुगरच्या बाबतीत एक उलटी गोष्ट लक्षात ठेवा. किडनी थकली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ टिकतं. जुना डोस तसाच चालू राहिला तर शुगर खाली जाऊ शकते, विशेषतः इंजेक्शन दिलं आणि ताट तासभर उशिरा आलं तर. हॉस्पिटलात इन्सुलिनआधी सिस्टरना विचारा, ‘ताट आलंय ना?’ घाम, थरथर, गोंधळ दिसला तर ग्लुकोमीटरने बघा. ७० च्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्धा कप पाण्यात द्या, १५ मिनिटांनी परत तपासा. फळांचा रस नको, त्यात पोटॅशियम आहे. शुद्ध हरपली असेल तर तोंडातून काहीच देऊ नका, ताबडतोब डॉक्टर. डायलिसिसच्या दिवशी इन्सुलिन किती आणि केव्हा, हे वेगळं लिहून घ्या. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी अशा रुग्णांत, रक्त कमी असल्याने आणि त्यावरच्या इंजेक्शनांमुळे, प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू शकते. म्हणून घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी जास्त कामाच्या.

फॉस्फरससाठी गोळी लिहिलेली असेल तर ती जेवणाबरोबरच. ती ताटातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवते; जेवणानंतर दोन तासांनी दिली तर बांधायला काही उरलेलंच नसतं. काही चावायच्या असतात, काही अख्ख्या गिळायच्या, ते फार्मासिस्टकडून खात्री करून घ्या. कोला आणि डबाबंद चीज-मांसातलं फॉस्फरस घरच्या डाळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त शोषलं जातं, म्हणून डाळीला घाबरण्याआधी कोला बंद करा. गोखरूचा काढा, पुनर्नवा, गव्हांकुराचा रस हे फोनवरच्या फॉरवर्डमधून येणारच. त्यात पाणी आणि पोटॅशियम दोन्ही असतात, भस्मांत धातूही असू शकतात. डायलिसिसच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय काहीच नको.

परवा डिस्चार्ज घेताना तोंडी सूचनांवर थांबू नका. ड्राय वेट, पाण्याचं माप, शेवटचं पोटॅशियम आणि फॉस्फरस, प्रोटीन ग्रॅममध्ये, आणि डायलिसिसच्या व इतर दिवसांचं इन्सुलिन, हे कागदावर लिहून घ्या. पुढचे रिपोर्ट आले की त्याच कागदावर नवीन आकडे टाका. पोटॅशियम सतत ४ च्या आसपास आणि शांत राहिलं तर मॅडम एखादी भाजी, एखादं फळ परत सुरू करतील. किडनी थोडी सावरून लघवी वाढली तर पाणीही वाढेल. डायलिसिस कधी थांबलं तर प्रोटीन परत खाली येईल. खर्चाची चिंता असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं का, ते रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राकडे विचारा.

श्रावण आणि एकादशी पाळता का, ते मॅडमना आधीच सांगा. श्रावणात चिकन गेलं की रोजचे २० ग्रॅम प्रोटीन जातात. अंड्याचा पांढराही चालत नसेल तर ते सगळं पनीर, दूध आणि डाळीवर येतं, फॉस्फरस-पोटॅशियम वाढतं, गोळीचा डोस बदलावा लागतो. महिना सुरू व्हायच्या आठवडाभर आधी भेट घ्या. एकादशीला उपास नको. इन्सुलिनवर आणि डायलिसिसवर असलेल्या माणसाने उपाशी राहणं धोक्याचं आहे, आणि उपासाच्या ताटात बटाटा, रताळं, दाणे, खजूर, शहाळं, नेमकं सगळं वर्ज्य भरलेलं असतं. अण्णांना राहवतच नसेल तर वरीचा भात, दुधीची भाजी आणि पनीरचे चार तुकडे द्या, नेहमीच्या वेळेला, आणि इन्सुलिन नेहमीसारखं डॉक्टरांनी सांगितलं तसं.